मधलीचा हीटर

२ नोव्हेंबर, रविवार

आई एकदा म्हणाली होती, "तुझ्या बाबांना थंडी वाजली ना, की ते तुला स्वेटर घालायला सांगतील." मी तेव्हा नववीत वगैरे असेन. ती लोकरीचे गुंडे करत होती आणि लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली होती, म्हणून मला उठून जाता येत नव्हतं. नाहीतर आईची वाक्यं मी कधी पुरी ऐकली नाहीत.

आज सकाळी बाबा म्हणाले, "धाकटे, स्वेटर घाल." मी निमूट घातला. मला मुळीच थंडी वाजत नव्हती.

ही वही डॉक्टरांनी सुरू करायला लावली. बाबांचा खोकला किती वेळा, ताप किती, एवढंच लिहायचं. खोकला : पहाटे दोनदा. ताप : नाही. झालं. आता उरलेल्या पानाचं काय करायचं? माझं लिहिते.

दादाशी फोनवर बोलून ठरलं. घाट बर्फानं बंद व्हायच्या आत बाबांना खाली, समुद्राकाठी, त्याच्या घरी न्यायचं. कायमचं. गेल्या हिवाळ्यात दोनदा इस्पितळ झालं आणि दुसऱ्या खेपेला मीच जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून दादा मागे लागला आहे. त्याचं बरोबरच आहे. मी सकाळी नऊ ते सहा चष्म्याच्या दुकानात काचा घासत असते, आणि बाबा घरी एकटे. मी हो म्हटलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बशीतला चहा बघत होते. मग म्हणाले, "जाईन. पण मधलीतून जाईन."

मधली म्हणजे आमची गाडी. दादा तीन वर्षांचा असताना आली आणि मी त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणून ती मधली. बदामी रंग, गोल दिवे, आणि दार लावताना एक जाडजूड, समाधानी आवाज. बाबा तिची चौकशी आमच्यासारखीच करतात. मधलीला कसं आहे, मधलीनं काही खाल्लं का, म्हणजे पेट्रोल भरलं का. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं. फक्त हीटर चालत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, सहा तास गार गाडीत बसवाल तर मला विचारायला येऊ नका.

म्हणजे आधी हीटर.

५ नोव्हेंबर, बुधवार

मधलीचा मेकॅनिक फुंकर आला होता. त्याचं खरं नाव काय ते त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल. कुठलीही नळी दिसली की एका टोकानं फुंकून दुसऱ्या टोकाला कान लावतो, म्हणून फुंकर. बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दोघांची गट्टी अशी की एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसेल.

त्यानं मला बॉनेट उघडून समजावलं. इंजिन तापतं, ते गरम पाणी एका नळीनं पुढच्या काचेखालच्या छोट्या जाळीत जातं, पंखा त्या जाळीवरून हवा ढकलतो, आणि पाणी दुसऱ्या नळीनं परत. एवढाच हीटर. आणि पाणी जिथून निघतं तिथे इंजिनावर पितळेची एक तोटी. तोटी आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. पूर्वी उन्हाळ्यात बंद करायची आणि हिवाळ्यात उघडायची पद्धत होती. आमची कितीएक वर्षं आडवीच होती. त्यानं तेल सोडून, ठोकून, गोंजारून ती उभी केली.

"आता हिच्याकडे बघायचं नाही," म्हणाला. "उघडली ती उघडली."

संध्याकाळी बाबांना शाली-बिलीत गुंडाळून पुढे बसवलं आणि गिरणीवरून पुलापर्यंत एक चक्कर मारली. पुलाच्या अलीकडे पायांना काहीतरी लागलं. आधी वाटलं भास. मग घोट्याशी, मग गुडघ्याशी, मांजर येऊन बसावं तशी ऊब.

"आली," बाबा म्हणाले.

६ नोव्हेंबर

गेली. आज पुलापर्यंत जाऊन आले, बर्फासारखी हवा. खोकला : एकदा.

९ नोव्हेंबर, रविवार

फुंकरचं म्हणणं, पाण्यात हवा अडकली आहे. हवेचा एक बुडबुडा नळीत वर जाऊन बसतो आणि पाण्याला पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी गाडी चढावर नाक वर करून उभी करायची, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवायचं आणि वाट बघायची. आम्ही तिघं शाळेच्या चढावर वाट बघत उभे राहिलो. म्हणजे बाबा गाडीत, खिडकी बंद. फुंकर बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ गप्प होता. एरवी तो गप्प बसत नाही. मग डोकं बाहेर काढून काचेतून बाबांकडे बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "बुडबुडा निघाला."

मला तर दिसला नाही. पण ऊब आली.

पुलावरून पुढे मालधक्क्यापर्यंत गेलो. नदीवर धुकं होतं. काचा आतून दमट झाल्या, मग खालून हळूहळू गरम हवेनं साफ होत गेल्या, आणि गाव असं कडेकडेनं दिसायला लागलं, आधी फुटपाथ, मग पायऱ्या, मग दारं, सगळ्यात शेवटी छपरं. जणू कोणी आमच्यासाठी ते आत्ता मांडत होतं. बाबांनी बाजूच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली. रेघेतून एक दिवा गेला. मला वाटलं, अशी गाडी चालवत राहावं आणि रस्त्यानंच कधीतरी थांब म्हणावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा गार.

बाबांचा कोट धुवायला काढला तर खिशात खडूचा तुकडा. समोरच्या घरातल्या मुली अंगणात रेघा मारून खेळतात, त्यांचा उचलून ठेवला असेल. म्हातारपणी माणूस कायकाय जमवतो. त्यांच्या बुटांना चिखलही होता, पण विचारलं तर म्हणाले, दुपारभर झोपलो होतो. पाखरांना दाणे टाकायला गेले असतील आणि विसरले असतील. हे डॉक्टरांना सांगायला हवं. विसरणं वाढतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जाळी धुतली. फुंकर म्हणाला, इतक्या वर्षांचा गंज आत साचला असणार. दोन्ही नळ्या सोडवल्या, बागेतला पाइप उलट्या बाजूनं लावला आणि पाणी सोडलं. आधी चहासारखं पाणी, मग काळपट, मग विटकरी, मग पिवळट. स्वच्छ यायला पाऊण तास लागला. मी बादली धरून उभी होते आणि उगाचच मला हलकं वाटत होतं.

चक्कर आज सगळ्यात मोठी. ऊब पहिल्या वळणालाच आली. जुन्या पाणीटाकीशी बाबांनी थांबायला सांगितलं. तीस वर्षं ते पाणीखात्यात होते, रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलून खालचे व्हॉल्व्ह फिरवायचं काम. एक झाकण दाखवून म्हणाले, हे माझं.

मग कितीतरी वेळ बोलत होते. व्हॉल्व्ह बंद केला की शेजारी खडूनं तारीख टाकायची. आणि ज्यानं बंद केला त्यानंच उघडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. मी विचारलं, इतका कसला मान? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून शाळेत आहे.

"मान कसला? खाली खड्ड्यात माणूस उतरलेला असतो. तू वरून पाणी सोडलंस तर?"

आईला हे काम आवडायचं नाही, म्हणाले. पण रात्री ते उशिरा आले की ती त्यांची बोटं बघायची. खडू लागलेला असला की निश्चिंत व्हायची. घरी येताना त्यांना झोप लागली. मी मुद्दाम लांबून आणलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गार. नुसतं गार नाही, ठणठणीत.

हे फक्त इथेच लिहिते. मी किल्ली फिरवली, पाच मिनिटं थांबले, झरोक्याशी हात धरला, आणि हवा गार लागली तेव्हा मला बरं वाटलं. त्या क्षणी. मग लगेच लाज वाटली. कारण त्याच हातानं मी गेल्या आठवड्यात मागच्या खोलीला रंग कुठला द्यावा ते ठरवत होते. बाबा गेल्यावर. सलग आठ तास झोपेन, रविवारी नदीकाठानं चालत जाईन, कोणाचा श्वास मोजणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एका डोक्यात राहतात, एकमेकींशी न बोलता.

दादाचा फोन. तो म्हणाला, हीटर-हीटर पुरे झालं. तीसपर्यंत दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर तो गरम हवेची रुग्णवाहिका पाठवतोय, बाबा झोपून येतील. मी म्हटलं, बाबांना झोपवून न्यायचं म्हणजे. तो म्हणाला, "तू पुन्हा जिन्यात पडलीस तर तुला कोण उचलणार आहे? मधली?"

दादा चिडला की असा विनोद करतो. वहिनी मागून म्हणत होती, त्यांची खोली तयार आहे म्हणावं, खिडकीतून पाणी दिसतं.

१९ नोव्हेंबर

फुंकर म्हणतो, थर्मोस्टॅट. इंजिनाचं पाणी पुरेसं तापेपर्यंत अडवून धरणारी एक छोटी झडप असते, ती उघडीच अडकली असेल तर पाणी कधी तापणारच नाही. जुन्या गाडीचा मिळायला वेळ लागेल. किती वेळ, म्हटलं. तर म्हणाला, वेळ काय, वेळेवर असतो.

मग आत जाऊन बाबांबरोबर चहा प्यायला. मी स्वयंपाकघरात होते. दोघं कशावर तरी हसत होते, शाळकरी पोरं मागच्या बाकावर हसतात तसं, आवाज दाबून. मी चहा घेऊन गेले तर एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले. बाबांना या हिवाळ्यात पहिल्यांदाच असं हसताना ऐकलं. खोकला : नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

थर्मोस्टॅट बसवला. जुना मी भांड्यात पाणी उकळून त्यात टाकून बघितला, हे फुंकरनंच एकदा शिकवलं होतं. गार पाण्यात मिटलेला, उकळल्यावर छान उघडला. म्हणजे चांगलाच होता. फुंकरला दाखवलं, तर तो म्हणाला, म्हातारी यंत्रं परक्यांसमोर गुणी वागतात.

ते असो. ऊब आली, आणि अशी की बाबांनी शाल काढली. डोंगरावर पहिला बर्फ पडलाय. संध्याकाळच्या निळ्या उजेडात तो दुरून कोणीतरी दोरीवर चादर वाळत घातल्यासारखा दिसत होता. गाडीत मात्र आमचा एक वेगळाच ऋतू होता. बाबा म्हणाले, तुला आणायला आईला याच रस्त्यानं नेलं होतं. हीटर तेव्हाही चालायचा नाही. मग मी कशी आले? तर म्हणाले, "रडत."

२४ नोव्हेंबर

गार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुकानातून लवकर आले. चार दिवस राहिले आहेत. फुंकरला बोलवायचं नाही, आपणच बघायचं असं ठरवलं. काचा घासताना दिवसभर त्यांवरचा केसाएवढा ओरखडा शोधते, मला नळी सापडणार नाही?

बाबा झोपले होते. बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून दोन्ही नळ्यांना हात लावला. जाणारी गार, येणारीही गार. म्हणजे पाणी जाळीपर्यंत जातच नाही. हवा नाही, गंज नाही, थर्मोस्टॅट नाही. फुंकरनं सांगितलं होतं, तिच्याकडे बघायचं नाही, म्हणून तीन आठवडे मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. आज बघितलं.

तोटी आडवी होती.

आणि तिच्यामागे, इंजिनामागच्या काळ्या पत्र्यावर, खडूनं, एकाखाली एक, अगदी सरळ अक्षरात :

६/११
११/११
१७/११
२४/११

मी बॉनेट धरून उभी राहिले. मग आत येऊन ही वही काढली. पानं चाळली. सहा तारखेला "गेली". अकराला "पुन्हा गार". सतराला "ठणठणीत". चोवीसला एकच शब्द.

चोरी करायची आणि जागेवर तारीख टाकायची, हे जगात एकाच माणसाला सुचेल. तारीख न टाकता त्यांना तोटी बंद करताच आली नसती.

एक कळत नाही. फुंकरचं डोकं चार वेळा त्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्याला कसं दिसलं नाही? त्याला दुकानात बोलावून डोळे तपासायला हवेत, जवळचं अजिबात दिसत नसणार.

तोटीवर हात ठेवला. अर्धा फेरा, बस्. इतकी हलकी फिरते आता. नाही फिरवली. ती मी बंद केलेली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी घेतली. सकाळी बाबांच्या पलंगाशी बसून विचारलं. रागावून नाही. म्हटलं, मधलीची तोटी आडवी का असते?

म्हणाले, सवय. तीस वर्षांचा हात आहे. तोटी दिसली की बंद करतो.

मी म्हटलं, दुसऱ्यानं उघडलेली?

ते चादरीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. बाहेर समोरच्या मुली बर्फ नसताना बर्फाचा खेळ खेळत होत्या. मग त्यांनी विचारलं, दादाच्या घरी मी गेले होते तेव्हाचं काही आठवतं का. मी म्हटलं, लिफ्ट आहे, खोल्या उजेडाच्या आहेत, वहिनी जीव लावते.

"त्याच्याकडे नळाला तोटी नाही," बाबा म्हणाले. "हात पुढे केला की पाणी येतं. मागे घेतला की आपलं आपण बंद."

मला हसू आलं आणि ते हसू मध्येच कुठेतरी भलतीकडे वळलं. मी उठून पडदा सारखा केला, तो सारखाच होता.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, तोटी आज उघडून देतो. तीन दिवसांवर आलंय, मुलगा ताटकळेल. कोट दे. मी म्हटलं, राहू दे, बाहेर वारा आहे. म्हणाले, "मग तुला जमेल का? माझं म्हणून उघड. मी सांगतोय म्हणजे चालेल."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. खोकला : पहाटे तीनदा. ताप : नव्व्याण्णव.

संध्याकाळी चक्कर मारायला गेलो नाही. गाडी अंगणात, आणि आम्ही दोघं खिडकीत. अंधार व्हायच्या आधीची जी वेळ असते, जेव्हा वस्तू आपापल्या रंगातून बाहेर येऊन जरा वेळ नुसत्या उभ्या राहतात, तेव्हा मधली मला पाण्याखाली असल्यासारखी दिसली. खोल, शांत, आत कोणीतरी बसलेलं. बघता बघता आत कोणीच नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात आज एका आजोबांना पहिल्यांदा दुहेरी काचेचा चष्मा लावून दिला. ते जमिनीकडे बघून पाय उचलून टाकत होते, जणू फरशी वर आली आहे. मी म्हटलं, चार दिवसांत सवय होईल. ते म्हणाले, या वयात चार दिवस म्हणजे फार झाले, पोरी. त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खाली हवा उबदार, ते बरंच. पण प्रवास न करता इथेच राहायचं असेल तरी चालेल, अट एकच. दिवसा माणूस पाहिजे, एकटं ठेवायचं नाही. गेल्या वर्षी दोन्ही वेळा ते एकटेच होते. मला हे माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते नवीन झालं.

दादाला फोनवर सांगायला गेले तर मी अडखळणार आणि तो वाक्य पुरं करणार, आणि ते वाक्य त्याचं होणार. लहानपणापासून तेच. म्हणून लिहिते आहे. आधी इथे, मग स्वच्छ उतरवून उद्याच्या पहिल्या बसनं पाठवते.

प्रिय दादा,

हीटर दुरुस्त आहे. तो पाच तारखेलाच दुरुस्त झाला होता. बाबा तो बंद करत होते. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी प्रत्येक वेळी तारीख टाकली आहे.

ते येतील. आज विचारलंस तर हो म्हणतील, कोट घालून दारात उभे राहतील, आणि वाटेत तुला वाटेल की ते खूश आहेत. पण त्यांना जायचं नाही. ते कोणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. आणि माझंही ऐक. मी तुला हो म्हटलं तेव्हा दमले होते. अजून दमलेली आहे. मला एकटीला हा हिवाळा झेपणार नाही, आणि ते गेले तर मला हे घर झेपणार नाही. यातलं एकही खोटं नाही.

तू नकाशे काढतोस. टेबल आणि उजेड लागतो, एवढंच तू नेहमी म्हणतोस. मागच्या खोलीत मी टेबल पूर्वेच्या खिडकीशी लावलं आहे. काल सुट्टी होती तेव्हा अधूनमधून खुर्चीत बसून बघितलं, सकाळी नऊपासून चारपर्यंत सावली पडत नाही. वहिनीला महिन्यातून एकदा येता येईल, घाट बंद असला तरी लांबच्या वळशानं का होईना, आगगाडी चालू असते. तुझं ऑफिस, तुझी माणसं, तुझ्या मुलीची परीक्षा, सगळं मला ठाऊक आहे. तू हे पत्र वहिनीला वाचून दाखवशील, "हिचं काहीतरीच" म्हणशील आणि ते टेबलावर पालथं ठेवशील, हेही ठाऊक आहे. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

तरी विचारते. रुग्णवाहिकेला नको म्हण. तीस तारखेला तू ये. न्यायला नको, राहायला ये. घाट उघडेपर्यंत.